एंडोमेट्रिऑसिस: ऑपरेशनचं बिल दिसतं, बाकीचा खर्च कुठे लिहायचा? (सांगली-मिरज-सातारा)

खातेवही (सांगली)

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला एंडोमेट्रिऑसिस आहे. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी अंडाशयावर, नळ्यांवर, आतड्यावर, मूत्राशयाजवळ वाढतात. दर पाळीला तिथे सूज येते आणि हळूहळू आतले अवयव एकमेकांना चिकटत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळी येण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटी बायका-मुलींना हा आजार आहे. दुखण्याबद्दल इथल्या बऱ्याच जणी माझ्यापेक्षा जास्त जाणतात. मला पैशांबद्दल बोलायचं आहे. मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते.

मेडिक्लेमचे कागद जुळवायला बसले आणि तिची सगळी फाईल सतरंजीवर पसरली. ऑपरेशनची एक गठ्ठी, तपासण्यांची एक, औषधांची एक, डॉक्टरांच्या फीची एक. औषधांच्या निम्म्या पावत्यांवरची शाई उडून कोरा कागद राहिला होता, त्या वेगळ्या ठेवल्या. सोनोग्राफीचे रिपोर्ट निरनिराळ्या सेंटरचे आणि जवळपास सगळ्यांच्या तळाशी एकच शेरा, नॉर्मल. मध्ये पोटविकारवाल्यांकडची एंडोस्कोपी, लघवीचे कल्चर, अपेंडिक्सच्या शंकेने एक रात्र अ‍ॅडमिट, सलाईन, इंजेक्शन, घरी. मग पुन्हा तेच, दुसऱ्या दवाखान्यात.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं त्याचं बिल भूल, खोली, औषधं धरून १,३०,००० च्या आसपास आहे. घरात सगळ्यांना तेवढाच आकडा पाठ आहे. बाकीच्या गठ्ठ्यांची बेरीज मारली तर ती त्याच्या पुढे गेली आणि त्यात कोऱ्या झालेल्या पावत्या नाहीत, रिक्षा-एसटी नाही, आईचे बुडलेले रोज नाहीत. बहिणीची कुपवाडच्या एका कारखान्यातली पॅकिंगची नोकरी सुट्ट्यांपायी गेली, तोही आकडा त्यात नाही.

२०१२ मध्ये दहा देशांतल्या ९०९ बायकांच्या खर्चाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एका बाईमागे वर्षाला सरासरी ९,५७९ युरो खर्च निघाला. त्यातले ६,२९८ युरो बुडालेल्या कामाचे आणि उपचारांचे ३,११३, म्हणजे बुडालेल्या कामाच्या निम्मेच. उपचारांच्या खर्चातही ऑपरेशन २९ टक्के आणि हॉस्पिटलचा मुक्काम १८ टक्के. दोन्ही मिळून अर्ध्याच्या आत. तपासण्या १९ टक्के, डॉक्टरांच्या भेटी १६ टक्के. युरोला रुपयाने गुणून आपल्याकडे लावायचं नाही हे मला कळतं. पण सतरंजीवरच्या गठ्ठ्यांची उंची पाहिली तर वाटणी तीच.

आपल्याकडे मदत मिळते ती अ‍ॅडमिट झाल्यावर. मेडिक्लेम असो, जन आरोग्य योजना असो, बेड मिळाल्याशिवाय रुपया सुटत नाही. आणि या आजारात पैसा जातो तो बेडच्या आधी आणि बेडच्या नंतर. हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही? तुमचे अनुभव लिहा. आकडे लिहिता आले तर फारच चांगलं.


मिरजमेल (मिरज)

ताई, गठ्ठे घालून बघितलंत हे फार चांगलं केलंत. आमच्या गावाबद्दल एक सांगतो. मिरजेला डॉक्टर वॉनलेसांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, सोलापूरकडून माणसं गाडीने येतात. एका गल्लीत चार पाट्या. याचा फायदा मोठा आहे, पण अशा निदान न झालेल्या दुखण्यात पेशंट एका पाटीवरून दुसऱ्या पाटीवर जातो. नवीन डॉक्टर जुना रिपोर्ट बघून बाजूला ठेवतो आणि नवीन सोनोग्राफी लिहून देतो. माझ्या बायकोच्या बाबतीत हेच झालं. कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येकाने सुरुवातीपासून सुरुवात केली आणि प्रत्येक सुरुवातीचे पैसे आम्ही भरले.


बेलफळ (मिरज)

मी स्त्रीरोग विभागात काम करते. इथे कुणाला औषध लिहून देणार नाही, पण खर्च कुठे वाचू शकतो ते सांगू शकते.

पहिलं म्हणजे सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही असं होत नाही. पोटावरून केलेल्या साध्या सोनोग्राफीत अंडाशयातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, दिसते, पण पातळ पसरलेले डाग दिसतच नाहीत. खोलवरचा आजार योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत सापडू शकतो, मात्र बघणारा त्यातला जाणता हवा आणि त्याच्या हातात वेळ हवा. तीच साधी सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करण्यापेक्षा अशी एक नीट करून घ्यावी. चिठ्ठीवर ‘एंडोमेट्रिऑसिसची शंका’ असं लिहिलेलं असलं तर बघणारा त्या नजरेने बघतो. नुसतं ‘पोटदुखी’ लिहिलं तर तो मूतखडा आणि अपेंडिक्स बघून मोकळा होतो. लग्न न झालेल्या मुलींची योनीमार्गातून तपासणी करत नाहीत, तेव्हा गुदमार्गातून करता येते किंवा गरज असेल तर एमआरआय. हा पर्याय घरच्यांना माहीतच नसतो.

दुसरं, सीए-१२५. ही रक्ततपासणी अनेकींच्या फाईलमध्ये चार-चार वेळा असते. ती पाळीतही वाढते, इतर कारणांनीही वाढते आणि आजार असून नॉर्मलही येते. युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत एंडोच्या निदानासाठी अशा तपासण्या वापरू नका असं स्पष्ट म्हटलं आहे.

तिसरं, निदानासाठी दुर्बीण घालायलाच हवी असं आता राहिलेलं नाही. त्याच सूचनांनुसार लक्षणं जुळत असतील तर आधी हार्मोनचे उपचार सुरू करता येतात. स्कॅनमध्ये काही नाही आणि औषधाने उतार नाही, अशा वेळी दुर्बिणीचा विचार. आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी उलटा क्रम चालतो, किंवा निदान होईपर्यंत नुसत्या दुखण्याच्या गोळ्या चालू राहतात.

आणि टीबी. आपल्या देशात ओटीपोटाचा टीबी खरोखरच आहे आणि तो बाहेरून एंडोसारखा दिसू शकतो. म्हणून शंका घेणं चूक नाही. पण पुराव्याशिवाय सहा महिने टीबीची औषधं घेऊन आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. ते सहा महिने, लिव्हरच्या तपासण्या आणि घरातली धास्ती, सगळं त्याच बिलात धरा.


खातेवही

डॉक्टर, मनापासून आभार. सीए-१२५ चे तीन रिपोर्ट आमच्याही फाईलमध्ये आहेत.


घाटमाथा (सातारा)

माझी पुतणी बावीस वर्षांची आहे. हाच त्रास. आमच्याकडे सगळे म्हणतात लग्न करून द्या, मूल झालं की आपोआप बरं होतं. डॉक्टरांपैकीही एकांनी तसं सुचवलं. खर्चाच्या दृष्टीने बघितलं तर लग्न तर करायचंच आहे, मग आधी औषधांवर पैसे का घालायचे असं भावाचं म्हणणं. हे खरं आहे का?


बेलफळ

नाही. दिवस असताना पाळी बंद असते म्हणून काहींना तेवढ्यापुरतं बरं वाटतं. तो उपचार नव्हे. बाळंतपणानंतर पाळी सुरू झाली की बऱ्याच जणींचं दुखणं परततं. या आजारात काहींना दिवस राहायलाही अडचण येते, आणि मग ‘मूल होत नाही’ म्हणून त्या मुलीला जे ऐकावं लागतं ते मी ओपीडीत रोज बघते. दादा, भावाला सांगा की तिच्या दुखण्यावर आत्ता इलाज करणं हेच तिच्या पुढच्या सगळ्याच्या सोयीचं आहे.


शेवंती (सातारा)

घाटमाथा दादा, मी त्या वाटेने गेले आहे. लग्नानंतर चॉकलेट सिस्ट निघाली, ऑपरेशन केलं. दोन वर्षांत पुन्हा आली, पुन्हा ऑपरेशन. मग मूल होईना म्हणून पुण्याला आयव्हीएफ. तिथे कळलं की अंडाशयातला अंड्यांचा साठा फारच कमी उरलाय. गाठ काढताना आजूबाजूचा चांगला भागही जातो, हे पहिल्या ऑपरेशनच्या वेळी आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आयव्हीएफला ना मेडिक्लेम, ना योजना. सासूबाईंच्या पाटल्या आणि माझं मंगळसूत्र बँकेत ठेवून पहिला प्रयत्न केला. मंगळसूत्र सोडवलं, पाटल्या अजून तिथेच आहेत. साताऱ्याहून स्वारगेटला पहाटेच्या गाडीने जायचं, इंजेक्शन घेऊन परत. कधी कधी नुसतं रक्त देऊन परत. राहायची सोय नाही म्हणून नवरा पण सोबत, म्हणजे त्याचाही दिवस गेला.

मला कुणाला घाबरवायचं नाही. पण मूल हवं असेल तर ऑपरेशनच्या आधीच विचारा की माझा साठा किती आहे, एएमएच (साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासू का, ऑपरेशन आधी की आयव्हीएफ आधी. या एका प्रश्नावर आमचे लाखो रुपये फिरले.


बेलफळ

शेवंतीताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. आयव्हीएफ करायचंच असेल तर केवळ यश वाढावं म्हणून आधी सिस्ट काढावी, असा आग्रह आताच्या सूचनांत नाही. वेदना खूप असतील, गाठीबद्दल वेगळी शंका असेल किंवा अंडी काढायला अडथळा येत असेल तर गोष्ट निराळी.

परत येण्याबद्दलही सांगते. ऑपरेशननंतर काहीच औषध घेतलं नाही तर दोन वर्षांत साधारण पाचातल्या एकीला आणि पाच वर्षांत ४० ते ५० टक्के जणींना हा आजार पुन्हा होतो, असं जुन्या अभ्यासांतून दिसतं. हार्मोनच्या गोळ्या चालू ठेवल्या किंवा हार्मोनचं तांबीसारखं साधन बसवलं तर हे प्रमाण बरंच खाली येतं. मूल लगेच नको असेल तर हे पहिल्या भेटीतच बोलून घ्यावं. पेशंट ऑपरेशनचे लाखभर रुपये कसेतरी उभे करतात आणि नंतरच्या गोळ्या महिन्याचा खर्च परवडत नाही म्हणून दोन-तीन महिन्यांत सोडतात. मग दुसऱ्या ऑपरेशनला येतात. गोळ्या महाग वाटत असतील तर डॉक्टरांना तोंडावर सांगा. डायनोजेस्ट या हार्मोनच्या गोळीच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या किमतींत फरक असतो, नॉरएथिस्टेरॉनसारखं स्वस्त औषधही काहींना चालतं. हार्मोनचं साधन एकदम पैसे मागतं, पण पाच वर्षांच्या महिन्यांनी भागून बघा.


रानजाई (जत)

मी जास्त लिहीत न्हाई इथं, वाचते. पण आज लिहावंसं वाटलं. मला बत्तिसाव्या वर्षी पिशवी काढली. दोन पोरं झालीत, आता पिशवीचं काय काम, काढून टाका, कायमचं मिटंल असं सांगितलं. शेरडं विकून आणि बचत गटाचं कर्ज काढून पैसं भरलं. पाळी गेली पण दुखणं गेलं न्हाई. परसाकडं जाताना आग व्हायची ती तशीच. पुढं मिरजेत दाखवलं तवा सांगितलं की आजार आतड्याच्या मागं हाय, पिशवीत नव्हताच. गटाचं हप्तं फिटायला तीन वर्सं गेली. पिशवी काढायच्या आधी हे कुणी बघायला पाहिजे हुतं की नको?


खातेवही

रानजाई, बघायलाच पाहिजे होतं. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. आता कुठे दाखवताय? दुखणं कसं आहे?


रानजाई

गोळी चालू हाय. आता बरं हाय निम्म्यानं. ऑपरेशन मोठं हाय म्हणतात, आतड्याचा डॉक्टर पण लागतो म्हणं. बघू.


पाणंद (वाळवा तालुका)

रानजाईताईंचं वाचून लिहितोय. मी ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी काम करतो. दिवाळीनंतर बीड, जतकडच्या टोळ्या आमच्या भागात उतरतात. नवराबायको मिळून एक कोयता. बाई एक दिवस फडात आली नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम हंगामाआधी दिलेल्या उचलीतून कापतो. पाळीत दुखतंय म्हणून पालात पडून राहणं तिला परवडत नाही. म्हणून गोळी खाऊन मोळी उचलायची, आणि एक दिवस पिशवीच काढून टाकायची.

२०१९ मध्ये हा विषय गाजला तेव्हा सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सुप्रीम कोर्टानेही एप्रिल २०२३ मध्ये विनाकारण गर्भाशय काढण्याच्या प्रकरणांवर राज्यांना मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं. या सगळ्या बायकांना एंडो होता असं मी म्हणत नाही. अंगावरून जाणं, पांढरं जाणं, जंतुसंसर्ग, कॅन्सरची भीती घालणं, कारणं अनेक. पण त्यातल्या किती जणींच्या दुखण्याला कुणी नाव दिलं होतं? नाव न देता अवयव काढला. त्यासाठी उचल घेतली, आणि ती फेडायला पुढचा हंगाम, त्याच्या पुढचा हंगाम. हॉस्पिटलच्या बिलावर व्याज कसं चढतं ते बघायचं असेल तर कुठल्याही टोळीत या.

एक उपयोगाची गोष्ट सांगतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यभर चालते. रेशनकार्ड बीडचं असलं तरी सांगलीतल्या अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात ते चालतं. टोळीतल्या लोकांना वाटतं की कार्ड गावाकडंच चालतं, म्हणून ती माणसं इथे रोख भरतात.


हळदवाफा (सांगली)

विम्याचं काम करतो, म्हणून त्या बाजूचं लिहितो.

वैयक्तिक मेडिक्लेममध्ये ठरावीक आजारांची एक यादी असते, त्यांना साधारण २४ महिने थांबावं लागतं. गर्भाशय काढणं, गाठी, सिस्ट हे बहुतेक पॉलिसींत त्या यादीत असतं. पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत त्या आजारासाठी सल्ला किंवा उपचार घेतला असेल तर तो आधीपासूनचा आजार धरतात, त्याला जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. तेव्हा फॉर्म भरताना जुनी पोटदुखी लपवू नका. क्लेमच्या वेळी जुने केस पेपर निघतात आणि सगळंच अडतं. वंध्यत्वावरचे उपचार साधारणपणे वगळलेले असतात, शेवंतीताईंना तो अनुभव आलाच.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती ‘फक्त तपासणीसाठी अ‍ॅडमिट’ या कलमावरून. नुसत्या निदानासाठी दाखल झालात तर पैसे मिळत नाहीत. दुर्बिणीत डाग जाळले, चिकटलेलं सोडवलं, सिस्ट काढली, तर तो उपचार झाला. पण डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘डायग्नोस्टिक लॅप्रोस्कोपी’ (निदानापुरती दुर्बीण) लिहून दिलं की क्लेम परत येतो.

आणि बहुतेक लोक विसरतात ते असं की बऱ्याच पॉलिसींत अ‍ॅडमिट होण्याआधीच्या ३० दिवसांचा आणि डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचा त्याच आजाराचा खर्च मिळतो. एमआरआय, रक्त, भूलतज्ज्ञाची तपासणी, नंतरच्या गोळ्या. पावत्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून दुसरा क्लेम टाकायचा. एमआरआय दोन महिने आधी करून ठेवला तर तो बाहेर जातो. निकड नसेल तर तारखा जुळवून घ्या.


खातेवही

दादा, आमचा क्लेम याच कारणाने एकदा परत आला. कार्डावर तेच दोन शब्द होते. ऑपरेशनच्या नोंदीत मात्र डाव्या अंडाशयावरची सिस्ट काढली, आतड्याला चिकटलेला भाग सोडवला असं सविस्तर होतं. ती नोंद, बायोप्सीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र जोडून पुन्हा पाठवला तेव्हा मंजूर झाला. तेव्हा डिस्चार्ज घेताना काउंटरवर उभं राहूनच कार्ड वाचा. घरी आल्यावर दुरुस्ती करून घेणं म्हणजे पुन्हा एक दिवस.

पण तो क्लेम मंजूर होऊन मिळालं काय, तर एकच गठ्ठी. तपासण्यांची, फीची आणि औषधांची गठ्ठी सगळी घरावरच बसली, कारण ती वर्षानुवर्षं आधीची होती. तीस दिवस म्हणजे काय या आजारात! निदानालाच जिथे चार ते बारा वर्षं लागतात असं जागतिक आरोग्य संघटना लिहिते.


उसाचा_फड (पलूस)

एवढं खासगीत जायचंच कशाला? सिव्हिल आहे, मिरजेचं मेडिकल कॉलेज आहे. लोक आधी हौसेने खासगीत जातात आणि मग बिलाच्या नावाने रडतात.


मिरजमेल

हौसेने कुणी जात नाही हो. सिव्हिलला ओपीडी सकाळची. कामावरची बाई केस पेपरच्या रांगेत उभी राहिली तर दिवस गेला. सोनोग्राफीची तारीख वेगळी, रिपोर्ट दाखवायची वेगळी. केस पेपर स्वस्त आहे, पण तीन रोज बुडाले. खासगीत संध्याकाळी सातला जाऊन साडेआठला घरी येता येतं. गरीब माणूससुद्धा हा हिशेब करतो.


बेलफळ

दोघांचंही खरं आहे. ऑपरेशनची वेळ आली, आजार आतड्यापर्यंत किंवा मूत्रवाहिनीपर्यंत गेलेला असला, तर मोठ्या रुग्णालयात जाणंच शहाणपणाचं, कारण तिथे सर्जन आणि यूरॉलॉजिस्ट हाताशी असतात. मूत्रवाहिनी दबून मूत्रपिंड न दुखता निकामी होऊ शकतं, म्हणून खोलवरचा आजार असेल तर मूत्रपिंडाची सोनोग्राफी चुकवू नये. अर्धवट ऑपरेशन स्वस्त पडत नाही. दुसऱ्यांदा पोट उघडताना सगळं आणखी चिकटलेलं असतं.


रातपाळी (कुपवाड)

पॅकिंगच्या नोकरीबद्दल लिहिलंय म्हणून विचारतो. बहिणीचं ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत होते का? २१,००० पर्यंत पगार असलेल्यांचं कापतात, पगाराच्या ०.७५ टक्के. त्यात ओपीडी, औषधं, तपासण्या सगळं येतं, अ‍ॅडमिट व्हायची अट नाही. शिवाय आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, फक्त आधीच्या सहा महिन्यांच्या हिशेबात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे आणि ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट पाहिजे. माझ्या बायकोच्या पित्ताशयाच्या वेळी माझ्या कार्डावर सगळं झालं. आमच्या शेडमधल्या निम्म्या बायकांना आपलं कार्ड आहे हेच माहीत नाही.


खातेवही

दादा, कापत होते. पगाराच्या चिठ्ठीवर ओळ आहे. आम्हाला वाटलं ते पीएफसारखं काहीतरी. खासगी डॉक्टरांचं सर्टिफिकेट देत राहिली, कंपनीने बिनपगारी धरलं आणि शेवटी येऊ नको म्हणाले. तुम्ही सांगितलेली ही एकच व्यवस्था या धाग्यात अशी निघाली की जी बेडच्या बाहेरचा खर्च आणि बुडालेला रोज, दोन्ही धरते. आणि ती तिच्या हातात होती. मला हे वाचून फार वाईट वाटलं. कुपवाड, मिरज एमआयडीसी, साताऱ्याची एमआयडीसी, शिरवळ इथे कामाला जाणाऱ्या सगळ्या मुलींनी आजच पगाराची चिठ्ठी काढून बघा.

बुडालेल्या कामाचं अजून एक. २०११ च्या एका पाहणीत दहा देशांतल्या १,४१८ बायकांकडून माहिती घेतली, तेव्हा आजार असलेल्या बाईचे आठवड्याला सरासरी १०.८ तास वाया जातात असं दिसलं. आणि त्यातले बरेचसे गैरहजेरीचे नव्हेत. कामावर हजर राहून, दुखणं सोसत, अर्ध्या गतीने काम केल्याचे. पीसरेटवर, म्हणजे नगावर, काम करणाऱ्या बाईच्या हातात शनिवारी त्यामुळे किती कमी येतं, ते कुठल्याच फाईलमध्ये नसतं.


शेवंती

कर्नाटकाने २०२५ मध्ये नोकरदार बायकांना महिन्याला एक पगारी सुट्टी मंजूर केली. कोल्हापूर-सांगलीपासून सीमा ती कितीशी लांब? आपल्याकडेही व्हावं. एका दिवसाने एंडो बरा होत नाही, पण त्या दिवसाचा रोज तरी हातात राहतो.


पाणंद

राहील, पण फडात, द्राक्षबागेत, वीटभट्टीवर कोण देणार ही सुट्टी? पगारी सुट्टीला आधी पगार पाहिजे.


तासगावची_वाट (तासगाव)

सगळं वाचलं. माझ्या शेजारची मुलगी सव्वीस वर्षांची आहे, द्राक्षबागेत रोजाने जाते. दर महिन्याला चार दिवस उठता येत नाही, ओकाऱ्या होतात. आत्तापर्यंत गावातल्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेते. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. ईएसआय नाही, मेडिक्लेम नाही. केशरी रेशनकार्ड आहे. कुठून सुरुवात करू? पैसे अगदी थोडे आहेत.


बेलफळ

ताई, आधी तिला घेऊन सांगलीच्या सिव्हिलला किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात स्त्रीरोग ओपीडीला या. पाळी चालू असतानाच यायला पाहिजे असं नाही. येण्यापूर्वी एका कागदावर लिहून आणा: पाळी कधी सुरू होते, दुखणं किती दिवस आधी सुरू होतं, शौचाला किंवा लघवीला दुखतं का, संबंधाच्या वेळी दुखतं का, कुठली गोळी चालते आणि कुठली चालत नाही. मूल होत नाही हे पहिल्यांदाच सांगा, कारण हार्मोनच्या गोळ्या चालू असताना दिवस राहत नाहीत आणि त्यामुळे उपचारांची दिशाच बदलते. नवऱ्याची तपासणीही त्याच वेळी करून घ्या, ती साधी आणि स्वस्त असते. ती न करता बाईवर खर्च होत राहतो हे मी फार पाहते.


खातेवही

आणि पैशांचं असं. ऑपरेशन ठरलं तर महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि आता सगळ्या रंगांच्या कार्डांना ते मिळतं. अंगीकृत रुग्णालयात दाराशीच योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसतो. अ‍ॅडमिट होण्याआधी त्याला भेटा, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, तेही तोच सांगेल. हेल्पलाइन १५५३८८.

कुणी धर्मादाय रुग्णालयात जायला सांगितलं तर तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या असतात. वर्षाचं उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो आत्ताच काढून ठेवा, घाईच्या वेळी मिळत नाही. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटायचं, बिलिंगच्या खिडकीवर विचारून उपयोग नसतो.

आणि प्रत्येक रिपोर्टचा, प्रत्येक पावतीचा फोन काढून फोटो घ्या. शाई उडते.


तासगावची_वाट

धन्यवाद ताई, डॉक्टर. एक अडचण आहे. तिचं नाव अजून माहेरच्या कार्डावरच आहे, सासरच्या कार्डावर चढवलेलं नाही. माहेर कवठेमहांकाळ.


खातेवही

म्हणजे कार्ड महाराष्ट्रातलंच आहे. तर माहेरचं कार्ड आणि तिचं आधार घेऊन आरोग्यमित्राला आत्ताच दाखवा आणि त्या कार्डावर चालेल का ते स्पष्ट विचारून घ्या. आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळतंय का तेही बघा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर बहुतेक वेळा तिथेच अडतं. नाव कमी केल्याचा दाखला मात्र विचारल्याशिवाय काढू नका. माहेरच्या कार्डावरून नाव गेलं आणि सासरच्या कार्डावर चढायला वेळ लागला तर मधल्या काळात ती कुठल्याच कार्डावर राहणार नाही. मी बुधवारी सिव्हिलला जाणार आहे, त्याच दिवशी तुम्ही येणार असाल तर व्यनि (खासगी निरोप) करा, केस पेपरच्या रांगेत मी उभी राहते.